घोड्यामागे किती किलो?

२०२४ च्या उन्हाळ्यात मी मुलाकडे मिनेसोटाला गेले होते. तिथे जेवणाच्या टेबलावर रोज रात्री एकच वाद रंगायचा, ११५ की १५०? मला आधी वाटलं घराच्या कर्जाचा हप्ता असेल. मग कळलं, बोट घ्यायची आहे आणि तिच्या इंजिनाची हॉर्सपॉवर ठरत नाहीये.

मिनेसोटात तळीच तळी. गाड्यांच्या नंबरप्लेटवर दहा हजार लिहिलेली असतात, पण नीट मोजली तर ११,८४२ भरतात म्हणे. (कमी सांगून जास्त देणारं सरकार मी आयुष्यात प्रथमच पाहिलं!) आपल्याकडे रविवारी महाबळेश्वरला जातात तसे तिथले लोक गाडीमागे बोट लावून तळ्यावर जातात. बोटीला दोरी बांधायची, दोरीच्या टोकाला हवा भरलेली ट्यूब किंवा पायात फळ्या घातलेला माणूस, आणि द्यायचं ओढून. माझी नात चौदा वर्षांची. मैत्रिणीच्या बोटीमागे ती फळ्यांवर उभी राहायला शिकली होती, आणि तिला आता स्वतःची बोट हवी होती. नातू नऊ वर्षांचा, त्याला ट्यूब.

पक्ष असे पडले होते. सूनबाईंचं म्हणणं, साडेअठरा फुटी बोट घ्यावी आणि तिला ११५ चं इंजिन. काही हजार डॉलर वाचतात, पेट्रोल कमी जातं, आणि मुलं आहेत, एवढा वेग हवाय कशाला? चिरंजीव म्हणत, बोट तीच, पण इंजिन १५० चं. शेजारचे गृहस्थ तर एकवीस फुटी बोट आणि २५० हॉर्सपॉवरच्या खाली बोलतच नव्हते. त्यांचा निकाल लवकर लागला. एवढी बोट ट्रेलरसकट चिरंजीवांच्या गाडीच्या ओढण्याच्या मर्यादेला टेकत होती, आणि गॅरेजमध्ये तर मावतच नव्हती. बोटीची लांबी मोजून माणूस समाधान मानतो, पण ट्रेलरची दांडी पुढे आणखी तीन फूट असते! मी स्वतः शिवणाची टेप घेऊन मोजलं.

राहिले दोन पक्ष. एका रात्री सूनबाई म्हणाल्या, "आई, तुम्हीच सांगा आता. तुम्ही म्हणाल ते."

हे त्यांनी का म्हटलं ते मला कळत होतं. मी पाण्याला भिते हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. का भिते, ते मात्र मी कुणाला पूर्ण सांगितलेलं नव्हतं. मी कमी ताकदीच्या बाजूनेच मत देणार, हे त्यांनी धरलं होतं. खरं सांगायचं तर मीही तेच धरलं होतं.

पण छत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला उत्तर देण्याआधी गणित करून बघायची खोड असते. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर ५ हॉर्सपॉवरची मोटर आहे. म्हणजे १५० म्हणजे तीस विहिरींच्या मोटरी! हे मी बोलून दाखवलं तेव्हा नातू खूष झाला आणि सूनबाईही, कारण तो मुद्दा त्यांच्या बाजूचा होता.

मग आम्ही सगळे दुकानात गेलो. तिथल्या माणसाने आधी बोटीवरची एक छोटी पाटी दाखवली. वीस फुटांच्या आतल्या अशा बोटींना तिकडे ही पाटी सक्तीची आहे. किती माणसं, एकूण किती वजन आणि जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर, हे तीवर लिहिलेलं. या बोटीला कमाल १५०. मग त्याने प्रत्येकाचं वजन विचारलं. माझंसुद्धा! चार लोकांत स्वतःच्या वजनाचा उच्चार करण्याची वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती. सांगितले अडुसष्ट किलो. (चार कमी केले असते तर बोट बुडाली नसती, पण मास्तरीण पडले.)

बोट, इंजिन, टाकीभर पेट्रोल, सहा माणसं आणि सामान मिळून सुमारे १,६५० किलो. पाकिटाच्या पाठीवर मी भागाकार केला. १,६५० भागिले ११५, म्हणजे माणशी... चुकले, घोड्यामागे चौदा किलोंच्या वर. १,६५० भागिले १५०, म्हणजे अकरा. मोठं इंजिन चाळीसेक किलोंनी जड असतं, पण त्याने फारसा फरक पडत नाही. तो माणूस म्हणाला, नुसतं फिरायचं असेल तर चौदा चालेल, पण मागे माणूस ओढायचा असेल तर अकरा-बाराच्या वर जाऊ नका.

विकणारा मोठं इंजिन घ्या म्हणणारच. म्हणून मी म्हटलं, चालवून दाखवा. आणि आम्ही सगळे बसू, टाकी भरलेली ठेवा.

हा हट्ट मी का धरला, तर पसरणी घाट! माझं माहेर पाचगणीच्या अलीकडचं आणि नोकरी वाईला. रिकामी एस.टी. घाट कशी चढते आणि बाजाराच्या दिवशी भरलेली कशी चढते, हे मी आयुष्यभर बघितलंय. गाडी पारखायची तर भरलेली पारखावी.

त्याच मापाच्या दोन बोटी होत्या त्यांच्याकडे. आधी ११५ ची. मी लाईफ जॅकेट आवळून, देवाचं नाव घेऊन मागच्या बाकावर बसले. चिरंजीवांनी दांडा पुढे ढकलला. इंजिन ओरडायला लागलं, आणि बोटीचं नाक वर वर जायला लागलं. पुढचं तळंच दिसेना! भरलेली एस.टी. पहिल्या गिअरमध्ये कण्हते तसं बराच वेळ चाललं. मग कुठे बोटीने नाक खाली केलं आणि ती पाण्यावर सपाट होऊन धावू लागली. बोट मंद असते तेव्हा पाणी कापत जाते, वेग घेते तेव्हा स्वतःच्याच लाटेवर चढून पाण्याच्या पाठीवरून घसरत जाते. त्या दोहोंमधला चढ हाच तिचा घाट. तेवढा वेळ चालवणाऱ्याला पुढचं नीट दिसत नाही. आणि तेवढाच वेळ मागे दोरी धरून पाण्यात बसलेली पोर फरफटत असते, नाकातोंडात पाणी जात असतं.

मग १५० ची. नाक वर झालं आणि मोजून चार-पाच आकड्यांत खाली आलं. बस्स.

मी गप्प झाले. कमी ताकद म्हणजे कमी धोका, असं समीकरण मी मनाशी पक्कं बांधून आले होते. ते इथे लागू पडत नव्हतं. वेग किती ठेवायचा ते हाताच्या दांड्यावर असतं. लहान मुलांच्या ट्यूबला ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे जायचंच नाही, नातीच्या फळ्यांना तीस-पस्तीस पुष्कळ. ताकद लागते ती उठवण्यासाठी. पेट्रोलचंही तसंच. पूर्ण दांडा ढकलला तर १५० चं इंजिन तासाला पंचावन्न लिटरच्या आसपास पितं, पण तसं कोण चालवतं? उलट लहान इंजिन सारखं जिवाच्या आकांताने चालवावं लागलं की त्याचीही बचत राहत नाही. सूनबाईंनी विचारलं, पंखा बदलून नाही का भागणार? प्रश्न अगदी बरोबर होता. पंख्याच्या पात्यांचा पीळ कमी केला की तो गिअर खाली टाकल्यासारखं काम करतो. उचल वाढते, वरचा वेग घटतो. त्याने ११५ ला थोडा आधार मिळाला असता. पण सहा माणसं आणि मागे सातवं, याला तो पुरला नसता.

घरी आल्यावर मी म्हटलं, "१५० घ्या." सूनबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. चिरंजीवही.

त्या रात्री तो माझ्यापाशी येऊन बसला. म्हणाला, "आई, तू हो म्हणशील असं वाटलं नव्हतं. मला तर तू नदीत पाय घालू दिला नव्हतास."

मग मी त्याला १९८६ ची गोष्ट सांगितली. सातवीची सहल श्रीवर्धनला नेली होती. बेचाळीस मुलं, आम्ही दोन शिक्षिका. मुलं गुडघाभर पाण्यात खेळत होती, आणि मी पाण्याकडे पाठ करून डब्यांची पिशवी शोधत होते. वळून मोजली तर एकेचाळीस. पुन्हा मोजली. एकेचाळीस. ओहोटी होती. एका कोळी दादांनी होडी घालून त्याला आणला. वाचला. तो मुलगा आता स्वतः बाप आहे आणि दर दिवाळीला फोन करतो, एका अक्षराने तो विषय काढत नाही. पण मी घरी आले आणि माझ्या आठ वर्षांच्या पोराला कृष्णेवर जायची बंदी केली. पाठीला भोपळा बांधून वाईची सगळी मुलं घाटावरून उड्या मारत होती त्या काळात.

"मी जायचो," चिरंजीव म्हणाला. "घाटावर जायचो. पाण्यात नाही. सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायचो पायरीवर."

हे मला अडतीस वर्षं ठाऊक नव्हतं. बत्तिसाव्या वर्षी, इथे आल्यावर, चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर तो पोहायला शिकला, तेही मला फोनवर सांगितलं नव्हतं. मी घाबरेन म्हणून.

असो.

बोट आली. आधी एका रविवारी आम्ही लेक पेपिनला जाऊन आलो. मिसिसिपी नदी तिथे रुंद होऊन तळं झालीय. काठावरच्या लेक सिटी गावात राल्फ सॅम्युएलसन नावाच्या पोराने १९२२ च्या जुलैत पहिल्यांदा पाण्यावर स्की केलं. एकोणीस वर्षं पूर्ण व्हायची होती त्याला. आधी पिंपाच्या फळ्या बांधून बुडाला, मग बर्फातल्या स्की बांधून बुडाला. शेवटी पाइनच्या फळ्या आणून, आईच्या तांब्याच्या हंड्यात त्यांची टोकं उकळून वाकवली. (त्या माउलीने हंड्याबद्दल काय म्हटलं ते कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.) तरी बुडतच होता, मग फळ्यांची टोकं पाण्याबाहेर धरून बसला आणि उभा राहिला. ओढायला भावाची बोट, तिला ट्रकचं जुनं इंजिन लावलेलं. ते वाचताना नात म्हणाली, "बघ आजी, त्याच्या घरीपण इंजिन पुरत नसणार."

आमच्या बोटीवरची कामं ठरली आहेत. बुचाचं काम नातवाचं. तळ्यातले उपद्रवी शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून मिनेसोटात बोट रस्त्यावरून नेताना तळाचं बूच काढलेलंच लागतं. पाण्यात उतरवण्याआधी ते परत लावायचं राहिलं, तर मग १५० घोडे असोत की हजार! चालवणाऱ्याच्या अंगाला एक लाल दोरी अडकवायची, तो पडला की इंजिन बंद. तिकडे २०२१ पासून कायदाच आहे तसा. ती सूनबाई तपासतात. मागे कुणी माणूस पाण्यात असेल तर ते वर घेताना इंजिन पूर्ण बंद, पंखा तिथेच खाली असतो म्हणून. यावर सूनबाई आणि चिरंजीव यांचं एकमत आहे.

आणि एक जागा उरते. मागे कुणाला ओढत असताना चालवणारा पुढे बघतो, म्हणून मागे बघायला दुसरं माणूस हवं, नाहीतर मोठा आरसा हवा, असा तिथला नियम. चिरंजीवांनी आरसा बसवलाय. तरी म्हणाला, "आई, तू बस. तुझं काम एकच, मागे बघायचं."

मागच्या बाकावर उलटं तोंड करून मी बसले. तेवीस मीटर दोरी, तिच्या टोकाला पिवळं जॅकेट, पाण्यातून फक्त डोकं आणि फळ्यांची दोन टोकं. नातीने हात वर केला. मी ओरडले, "चल!" इंजिन गुरगुरलं, दोरी ताणली, आणि मी मनात चार मोजेपर्यंत पोर उभी!

तळ्याला दोन फेऱ्या झाल्या. मी एकदाही पुढे वळून पाहिलं नाही. तिसऱ्या वळणावर लाट आडवी आली आणि पिवळा ठिपका नाहीसा झाला. "पडली!" मी ओरडले. बोट लगेच मंदावली, वळली. पाण्यातून एक हात वर आला, ठीक आहे म्हणून.

जवळ गेल्यावर चिरंजीवांनी इंजिन बंद केलं. पोर शिडी धरून, दात वाजवत म्हणाली, "आजी, अजून एकदा?"

मी म्हटलं, "आधी तुझ्या बाबाला जाऊ दे. तो केव्हाचा कपडे सांभाळतोय."