तिथीची पाऊणपट

भरतीची वेळ काढायला आजीला पंचांग पुरायचं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचे तास हाती येतात. षष्ठी असेल तर साडेचार. दाभोळ तिचं माहेर, चिपळूण सासर, मधे वाशिष्ठीची खाडी. लग्नाचा मुहूर्त भटजींनी काढला, पण वऱ्हाडाचा पडाव कधी सोडायचा ते तांडेलाने ठरवलं, असं ती सांगायची. रात्री दोनला सुटलेला पडाव उजाडल्यावर गोवळकोटच्या धक्क्याला लागला. मुंबईहून आलेला माल तिथे उतरायचा आणि पुढे कुंभार्ली घाट चढायचा, तेव्हाचं ते गोवळकोट.

मला तीच वाट एकदा पाण्याने जायची होती. ह्यांनी होडी ठरवली आणि वेळा कागदावर लिहिल्या. साडेदहाला पूर्ण ओहोटी, अकराला निघायचं, पाणी चढेल तसं आपणही चढायचं. कागदात चूक नव्हती. पण दाभोळच्या आदिलशाही मशिदीपाशी ह्यांचा पाय निघेना. घुमटाखाली दगड गार होता, आणि हे त्या कोरीव कामावर तळवा ठेवून उभे होते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी परतीसाठी ह्याच बंदरात जहाजावर चढला. होर्मुझला निघालेलं ते जहाज भरकटून आफ्रिकेतल्या हबसाणाच्या किनाऱ्याला लागलं. हे मला ते रंगून सांगत होते आणि मी ऐकत होते. खाली धक्क्यावर तांडेल आमची वाट बघत होता. निघालो तेव्हा दीड वाजून गेला होता.

खाडीत शिरल्यावर मात्र घाईच सरली. दोन्ही काठांना कांदळवन, चिपीचे शेंडे वाऱ्यावर, मधूनच निळा खंड्या. एका वळणावर पुळणीवर ओंडका पडलेला वाटला. जवळ गेलो तसा तो आवाज न करता पाण्यात उतरला. मगर इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहिली. ह्यांनी माझं मनगट धरलं, ते बराच वेळ सोडलं नाही.

पाच वाजले आणि तांडेलाने मशीन मंद केलं. काठीने तळ चाचपला. "ताई, सुकती लागली. पाणी भांगाचं, वर गाळ. अंधारात होडी बसली तर सकाळपर्यंत हलायची नाही."

मशीन आहे ना, असं मी म्हणून पाहिलं. ते खरं नव्हतं हे मलाही कळत होतं. कोयनेवर वीज करून सोडलेलं पाणी वाशिष्ठीत येतं, त्यामुळे वरून बारा महिने ओढ असते. त्यात ओहोटीची ओढ मिसळली की सगळी खाडी समुद्राकडे धावते.

"अगं, परचुरीला उतरू," हे म्हणाले. "माझ्यामुळे उशीर झाला, मला कळतंय. पण आजीला तू काळोखात चिखलात बसून भेटायचं नाहीस."

ह्या माणसाने बत्तीस वर्षांत एकही आरक्षण रद्द केलेलं नाही. त्यांनीच तो कागद चौघडी करून खिशात घातला. मला रडू आलं, आणि ते गोवळकोट हुकलं म्हणून नव्हतं.

रात्री परचुरीत एका घरी तिसऱ्यांचं कालवण आणि भात जेवलो. झोप अशी लागलीच नाही. आम्ही दोघं ओट्यावर बसून चिखलातून येणारा बुडबुड्यांचा बारीक आवाज ऐकत होतो.

सकाळी सप्तमी. पाऊणपट सवापाच, म्हणजे पूर्ण ओहोटी अकराच्या सुमारास. साडेदहाला काठावर गेलो तर होडी एका कुशीवर कललेली आणि भोवती ओला, चकाकणारा गाळ. त्यात निवट्यांची धांदल. एक बोटाएवढी निवटी पुढच्या परांवर रेटत बिळापर्यंत आली, फुगीर डोळे वर करून आमच्याकडे बघत राहिली, मग टुणकन आत.

ह्यांनी घड्याळ काढून माझ्या पर्समध्ये टाकलं. आमची नजर तिवराच्या एका पिवळ्या पानावर होती. ते दाभोळच्या दिशेने चाललेलं होतं. मग रेंगाळलं. मग एका जागी नुसतं गोल फिरत राहिलं, किती वेळ कोण जाणे. तांडेलाने विडी विझवली. पान हळूच वळलं आणि वरच्या अंगाला निघालं.

"चला," हे म्हणाले, आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून गाळात उतरले, होडी ढकलायला.