सुई आणि पावलं

मिरकरवाड्यातल्या आमच्या घराची माडी लाकडी. बाबांचा रेकॉर्ड प्लेअर तिथेच, टेबलावर. लाँगप्ले लागली की आई दबकत चालायची. पाऊल जरा जोरात पडलं की सुई उडायची आणि बाबा ओरडायचे.

परवा बऱ्याच वर्षांनी तो सुरू केला. बंदरातल्या लाँचींची धडधड चालूच होती, तिने काही झालं नाही. मी दोन पावलं टाकली आणि सुई उडाली! म्हणजे दोष आईचा नव्हताच, फळ्यांचा होता.

सुईला खाचेतली थरथर आणि बाहेरची थरथर सारखीच. आधी टेनिसचे चेंडू अर्धे कापून प्लेअरखाली ठेवले. तो उलट जास्तच डोलायला लागला. मऊ आधार बारीक थरथर अडवतो, पण पावलांनी फळ्या संथ झुलतात, आणि आधारही त्याच चालीत झुलला की झोका वाढतो. शेवटी जांभ्याच्या भिंतीत ब्रॅकेट ठोकून वर कडप्पा टाकला. फळ्या हलतात, भिंत हलत नाही.

काल आईला म्हटलं, "आता चाल बघू जोरात."

ती आली, पण दबकतच. "सवय झालीय रे."

बाबा आता नाहीत, कुणाला सांगणार? दोन ब्रॅकेट आणि एक कडप्पा. एवढंच लागत होतं. असो.