वाऱ्यावरचे गाणे

हौस हा शब्द उच्चारताच पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. गरजेसाठी पैसा खर्चावा हे त्यांना पटते. हौसेपायी गेलेला पैसा त्यांना पाण्यात पडल्यासारखा वाटतो. मला मात्र हौशी माणसे फार आवडतात. गरजू माणूस वस्तूचा उपयोग करून मोकळा होतो. हौशी माणूस तिच्या अंतरंगात शिरतो, आणि तिथून कधीकधी असे एखादे ज्ञान घेऊन बाहेर येतो, की जे आम्हा प्रोफेसर मंडळींना ग्रंथांत सहसा सापडत नाही.

कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे माझा भाचा राहतो. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे होतो. त्याच्यापाशी लांबच्या प्रवासाची एक अवजड मोटारसायकल आहे. पुढे वारा अडविणारे भले मोठे कवच, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या, मागे बसणाराला पाठ टेकायला उशी आणि कवचात बसविलेले दोन स्पीकर! दुचाकीवर एवढे राजवैभव पूर्वी नव्हते. होंडा कंपनीची ‘गोल्ड विंग’ १९७४ साली कोलोनच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली, तेव्हा तिला कवचसुद्धा नव्हते. कवच आणि पेट्या कारखान्यातूनच बसवून आलेली तिची आवृत्ती १९८० साली निघाली. माणूस आधी वेग मागतो, मग त्या वेगात आराम मागतो, आणि आराम मिळाला की त्याला गाणे हवेसे वाटते.

भाच्याची तक्रार एवढीच होती, की अंगणात गोड वाटणारे गाणे गाडी ताशी शंभर किलोमीटरने धावू लागली की नाहीसे होते. म्हणून त्याने नवे स्पीकर आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणला. शनिवार-रविवार तो गॅरेजमध्ये बसला, आणि बॅटरी हातात धरून उभा राहण्याची कामगिरी मजकडे आली. कवच उतरले. साडेसहा इंची नवे स्पीकर बसले. त्यांच्या कडेने त्याने स्पंजाची पट्टी चिकटविली. कारण फट राहिली तर पडद्याच्या पाठीमागचा ध्वनी पुढे येऊन पुढच्या ध्वनीलाच, विशेषतः खर्जाला, मारून टाकतो. अ‍ॅम्प्लिफायर ‘डी’ वर्गाचा, म्हणजे थोड्या जागेत मावणारा आणि कमी तापणारा. त्याची तार थेट बॅटरीला जोडली, आणि बॅटरीच्या अगदी लगत फ्यूज घातला. वाटेत तार कुठे घासली गेली तर आगीऐवजी फ्यूजच जळावा.

“मामा, आधी पंचवीस वॅट होते, आता शंभर!” तो अभिमानाने म्हणाला.

“म्हणजे गाणे चौपट मोठे?”

तो हसला. “दुप्पटही नाही.”

ध्वनीचे गणित असे कंजूष आहे. वॅट दुप्पट केले की आवाज तीन डेसिबल चढतो. चौपट केले की सहा. आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहा डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दसपट हवेत! उलट, तेवढ्याच विजेत तीन डेसिबल अधिक देणारा स्पीकर निवडला, तर अ‍ॅम्प्लिफायर दुप्पट केल्याचे फळ आयते पदरात पडते.

सोमवारी आम्ही दक्षिणेकडे निघालो. मल्लिकार्जुन मन्सूरांचे गाणे लावले होते. एकशेएक क्रमांकाच्या हमरस्त्यावर त्यांचा स्वर आता स्पष्ट येत होता. परंतु तबल्याचा डग्गा आणि तानपुऱ्याचा खर्ज वाऱ्याने पार गिळून टाकला होता, कारण वाऱ्याचा गोंगाटही मुख्यतः खालच्या पट्टीतलाच असतो. पुढे कार्मेल मागे पडले, रस्ता समुद्राकाठच्या कड्यावरून वळणे घेऊ लागला आणि गाडीचा वेग निम्म्यावर आला. तोच मन्सूरांचे गाणे असे उसळून वर आले, की १९३२ साली बांधलेल्या बिक्सबी पुलापाशी भाच्याला आवाज कमी करावा लागला. दोन दिवसांच्या खटपटीने आणि शेकडो डॉलरांनी जे साधले नव्हते, ते वेग उतरताच फुकट साधले!

मात्र हमरस्त्यावर वेग उतरविणे नेहमी आपल्या हाती नसते. आणि तिथे प्रश्न केवळ गाण्याचा नाही. ताशी शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा गोंगाट शंभर डेसिबलच्या घरात जातो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या हिशेबाने पंच्याऐंशी डेसिबल आठ तास सोसावेत. पुढे दर तीन डेसिबलांना मुदत निम्मी होते. शंभराला उरतात ती अवघी पंधरा मिनिटे! त्यावर आणखी मोठे गाणे चढविणे म्हणजे चोराला हुसकण्यासाठी घराला आग लावणे.

हे मी भाच्याला सांगितले, ते उपदेशाच्या हौसेने नव्हे. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला गुपिते सांगण्याचा नाद आहे. ती त्याच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजते, आणि तो म्हणतो, “मोठ्याने सांग.” ती बिचारी गोंधळून पाहत राहते, मोठ्याने सांगितलेले गुपित कसले?

त्याने वाद घातला नाही. परतीच्या वाटेवर त्याने स्पंजाची दोन बोळी कानांत घातली, दोन मला दिली. गाणे ऐकण्यासाठी कान बुजवायचे! मला हसू आले; पण हमरस्त्याला लागलो तेव्हा गाणे पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येत होते. बोळे वारा आणि गाणे दोन्ही कमी करते हे खरे. पण अतिगोंगाटाने भांबावलेल्या कानाला ते पुन्हा निवड करण्याची शक्ती देते. कार्ल क्रायटर या संशोधकाने १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दाखविले होते: मोठ्या गोंगाटात कान झाकलेल्या माणसाला बोलणे अधिक समजते.

मग अ‍ॅम्प्लिफायर व्यर्थ गेला का? मुळीच नाही. बोळ्यांतून पोहोचायला गाण्याच्या अंगी थोडे बळ हवेच, आणि ते त्या शंभर वॅटांनी दिले. शिवाय ती हौस नसती, तर आपण कोणाशी झुंजतो आहोत हे भाच्याला उमगले नसते. पूर्वीच्या बैठकींत ध्वनिवर्धक नव्हता. दिवाणखान्यातली माणसे श्वास आवरून बसत, आणि गवयाचा हळुवार सूरही उंबरठ्याशी बसलेल्यापर्यंत पोहोचे. अशी बैठक चाकांवर मांडता येत नाही हे खरे. तरी भाचा आता घरातून निघताना किल्लीआधी बोळ्यांची डबी चाचपतो. आणि ती विसरली तर दारातून आठवण करून देण्याचे काम त्याच्या मुलीने आपणहून पत्करले आहे. ते मात्र ती चांगले मोठ्याने करते!