केकवर काय घालायचं?

केक म्हणजे क्रीम, हे आमच्याकडच्या लेकरांचं पक्कं ठरलंय. हिंगोली असो की वसमत, बेकरीच्या काचेमागे पांढरी-गुलाबी फुलं दिसली तर तो केक. माझी आई करते तो यात बसत नाही. बारीक रवा, दही, साखर, तेल, लागेल तसं दूध आणि शेवटी इनो. कुकरच्या तळाला मीठ, झाकणाची शिट्टी आणि रिंग काढलेली, गॅस मंद. पाऊण तासानं जे निघतं ते वरून तपकिरी आणि मधोमध जरा तडकलेलं असतं.

"ह्याला केक म्हणावं का भाकर?" असं आईच म्हणते आणि हसते. ते हसणं मला आवडत नाही. भाचीच्या वाढदिवसाला गल्लीतली लेकरं येणार होती, तेव्हा तिनं केक केला आणि त्यावर परात पालथी घातली. "विकतचा येऊ दे, मग बघू," म्हणाली. इतकं राबून केलेली वस्तू लपवावीशी वाटली, का तर वर पांढरं काही नव्हतं!

ते पांढरं बहुतेक वेळा दुधाचं नसतंच. वनस्पती तेल, साखर आणि पाणी यांचं ते मिश्रण असतं, आणि गार असतानाच फेटावं लागतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो. त्यात लाइट गेली की केकवरचं फूल ओघळायला लागतं.

मी त्या दिवशी गूळ विरघळवला. अर्धी वाटी गूळ, पाव वाटी पाणी. खडे असतात म्हणून गाळून घेतला, पुन्हा थोडा आटवला, मग चमचाभर तूप आणि वेलची. पाक कोमट असताना केकचे तुकडे ताटल्यांत ठेवले आणि वरून ओतला. आई बघत होती. म्हणाली, "अगं, ही तर गुळवणीच की!"

बरोबर. पुरणपोळीवर गुळवणी, शेवयांवर दूध-साखर, आमरसावर तूप: साध्या पदार्थावर काय ओतावं हे आपल्या घरांना फार आधीपासून ठाऊक आहे. केक या शब्दापाशी येऊन आपण ते विसरतो. लेकरांनी ताटल्या चाटून पुसून दिल्या, तेव्हा परातीची गरज संपली होती.

त्यानंतर आईनंच पुढचं ठरवलं. दोन दिवसांची सांडगार साय, त्यात पिठीसाखर, आणि रवीनं हलक्या हातानं फेटणं. कुठे थांबायचं हे तिला सांगावं लागलं नाही. जास्त घुसळलं तर लोणी येतं, हे तिच्या हाताला माहीत आहे. दसऱ्याच्या सुमारास सीताफळाचा गर. दूध आटवायचं, पूर्ण गार करायचं आणि मगच गर मिसळायचा. गर शिजवला तर कडवट होतो. उन्हाळ्यात आमरस, तोही नुसता. आणि घरात काहीच नसेल तेव्हा चहाच्या गाळणीतून भुरभुरलेली पिठीसाखर किंवा पाट्यावर भरडलेली शेंगदाण्याची चिक्की.

दूध आणि गूळ एकत्र करणार असाल तर दोन्ही गार होऊ द्या. गरम असताना मिसळलं की दूध फाटतं.

जगात साधा केक एकट्या आमच्याच घरी होत नाही. लेबनॉनमध्ये सफूफ नावाचा केक करतात. त्यात रवा असतो आणि पिवळ्या रंगासाठी हळद! भांड्याला तेलाऐवजी तिळाची पेस्ट लावतात, वर तीळ किंवा चिलगोजे पेरतात. क्रीमचा पत्ता नाही. ज्या जिल्ह्यात वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तिथं हा केक परका वाटू नये. आईला सांगितलं तर म्हणाली, "मंग चिमूटभरच टाक. सोडा जास्त झाला तर हळद लाल व्हती." हेही खरं आहे. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. कुंकू तसंच तर बनायचं.

एक मात्र पाळा: पाक किंवा साय अख्ख्या केकवर घालू नका, ज्याच्या त्याच्या ताटलीत घाला. उरलेला केक कोरडा राहतो आणि सकाळी चहासोबत चालतो.

परवा आईचा फोन आला. केकचं नावही न काढता तिनं विचारलं, "सीताफळं आलीत. गर काढून ठेवू का, तू येणार का?"