नाताळचं पुस्तक

आमच्या वसईच्या घरी नाताळला नवे कपडे मिळत, फुगे तळले जात आणि बाबांकडून एक पुस्तक मिळे. बाबा सोनचाफ्याची फुलं घेऊन पहाटेच्या लोकलनं दादरला जात. डिसेंबरात परतताना रिकाम्या टोपलीत एखादं पुस्तक असे. बहुधा फुटपाथवरचं, जुनं. मध्यरात्रीच्या मिस्साहून आल्यावर ते आम्हा भावंडांच्या हातात ठेवत. शिक्षण चौथीपर्यंतचं. पहिल्या पानावर 'नाताळ' आणि साल, एवढंच लिहीत. घरात आम्ही कादोडी बोलायचो. पुस्तकांतली मराठी आमच्याकडे त्या टोपलीतून आली.

१९८९ साली 'स्मृतिचित्रे' मिळालं. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. आईला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी मी वाचायची, ती भाजी निवडत ऐकायची. लक्ष्मीबाईंची फजिती झाली की पोटभर हसायची आणि म्हणायची, "पुढं?"

गेली वीस वर्षं मी बेंगळुरूत आहे. मागच्या नाताळला तेच पुस्तक, नवं कव्हर घालून, लेकीला दिलं. ती इथंच वाढली. मराठी बोलते, वाचत नाही. आजोबांचं अक्षर तिनं निरखून पाहिलं. फेब्रुवारीत पुस्तक कपाटात तसंच होतं. मी चिडले.

"भेट दिलीस की अभ्यास?" तिनं विचारलं.

यंदा तिनं मला पुस्तक दिलं. कन्नड, लहान मुलांचं. मी भाजी कन्नडात घेते, भांडतेही कन्नडात. पण बसची पाटी वाचायला शेजारच्याला विचारते. पहिल्या पानावर तिनं काहीतरी लिहिलं होतं.

"काय लिहिलंयस?"

"वाच की."

राग यायच्या आत मला आई आठवली. तिला नाताळला कधी कुणी पुस्तक दिलं नाही. साडी दिली, भांडी दिली. आम्ही तिला वाचून दाखवलं, त्याचं कौतुकही करून घेतलं. पण लक्ष्मीबाईंचं पुस्तक हातात असूनही, तिला वाचायला शिकवावं हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. ती गेली तेव्हा 'पुढं?' म्हणणारं घरात कुणी उरलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघी दोन पुस्तकं घेऊन बसलो. लेकीनं माझं बोट अक्षरावर ठेवलं. "हा कि. त्याच्या खाली र."

बऱ्याच वेळानं लागलं. 'क्रिसमस' आणि साल. बाबा लिहायचे तेवढंच.

मग मी 'स्मृतिचित्रे' उघडून तिच्यापुढं सरकवलं.