सुकापूरचा बी-प्लॅन

पनवेल म्हणजे हार्बर लाइनचं शेवटचं टोक. सीएसएमटीहून सव्वा-दीड तास खिडकीला डोकं टेकून झोप काढली की आपण इथे पोहोचतो. पूर्वेला बाहेर पडायचं आणि सुकापूरची शेअर रिक्षा पकडायची. थोड्याच वेळात न्यू पनवेलचे सिडकोवाले आखीव सेक्टर मागे पडतात, माथेरान रोड सुरू होतो आणि समोर प्रबळगड-माथेरानचे डोंगर दिसायला लागतात. पावसाळ्यात हा सीन एकदम झकास! पण बहुतेक पब्लिक हाच रस्ता धरून नेऱ्याच्या पुढे फार्महाऊसवर नाहीतर धबधब्यावर निघून जातं. मध्ये सुकापूर नावाचं काही आहे, हे फक्त स्पीडब्रेकर आल्यावर कळतं.

थांबा ना जरा. वीकएण्ड डेस्टिनेशन वगैरे हे नाही, मान्य. पण तुमच्या ऑफिसातला कुणी ना कुणी इथे राहतोच. खारघर परवडत नाही, न्यू पनवेल थोडक्यात हुकलं, मग पहिला वन बीएचके कुठे? सुकापूरला! २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली, तेव्हा हा भाग हद्दीबाहेरच राहिला. रोजचा कारभार ग्रामपंचायतीचा आणि नियोजन सिडकोच्या ‘नैना’चं, म्हणजे विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचं. त्या योजनेत जमीनमालकाच्या वाट्याला ४० टक्के विकसित भूखंड येतो, बाकीची जमीन रस्ते, बागा आणि इतर सोयींसाठी जाते. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रत्यक्ष विमानं उडायला लागली आणि इस्टेट एजंटांच्या बोलण्याला आणखी धार आली.

आता बिल्डिंगांच्या तळमजल्याकडे बघा. गाळ्याला लागून गाळा. किराणा, मेडिकल, चायनीज, सलून, क्लासेस, जिम, पाण्याचे जार, पुन्हा चायनीज. मधूनच बंद शटर आणि त्यावर ‘भाड्याने देणे आहे’. कॉलेजात आंत्रप्रेन्युअरशिप शिकून माणूस खरंच धंदा करतो का, या प्रश्नाचा निकाल अशाच शटरांवर लागत असतो.

कारण कॉलेजं इथून हाकेच्या अंतरावर आहेत. न्यू पनवेलमध्ये पिल्लई, खांदा कॉलनीत चांगू काना ठाकूर आणि जुन्या पनवेलमध्ये रयत शिक्षण संस्थेचं महात्मा फुले. मुंबई विद्यापीठाने १९९९ मध्ये बीएमएस सुरू केलं आणि मराठी मध्यमवर्गाच्या घरात ‘बिझनेस’ हा शब्द पहिल्यांदाच मार्कशीटवरून आला. आम्ही बीएमएमवाले त्यांच्या ब्लेझरची भरपूर टिंगल करायचो, पण फेस्टला स्पॉन्सर तेच आणायचे, हे कबूल करायला हवं. पुढे त्यांच्या अभ्यासक्रमात बिझनेस प्लॅनिंगचा आख्खा पेपर आला. बी-प्लॅन लिहायचा, पीपीटी करायची, वायव्हा द्यायचा. प्लॅन नेहमी कॅफेचाच!

तसं बघायला गेलं तर आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना आठवा. मुलाने शेतात, वसतिगृहात राबायचं आणि त्यातून शिकायचं. स्वावलंबनाचा हा धडा पीपीटीशिवाय मिळायचा. हार्वर्डमध्ये मायल्स मेस यांनी नवा उद्योग उभारण्याचा पहिला कोर्स घेतला तो १९४७ मध्ये, १८८ विद्यार्थ्यांना. आपल्याकडे सरकारने स्टार्टअप इंडियाचं बिगुल वाजवलं २०१६ मध्ये आणि मग गल्लोगल्लीच्या कॉलेजात इनोव्हेशन सेल दिसायला लागले.

मग शिकून फरक पडतो का? इथे जरा गंमत आहे. अमेरिकेतल्या अॅरिझोना विद्यापीठाने २००० च्या सुमारास आपले माजी विद्यार्थी तपासले, तेव्हा हा विषय घेतलेल्यांनी इतरांच्या तिप्पट प्रमाणात स्वतःचे व्यवसाय सुरू केलेले दिसले. कॉलेजवाले खूश! पण ज्यांच्या डोक्यात मुळातच किडा असतो तेच हा विषय घेतात, त्याचं काय? २०१० मध्ये नेदरलँड्सच्या एका कॉलेजातला अभ्यास छापून आला. तिथे विद्यार्थ्यांना खरीखुरी छोटी कंपनी चालवायला दिली होती आणि वर्षाच्या शेवटी त्यांची धंदा करायची इच्छा चक्क कमी झाली होती. स्टॅनफर्डच्या माजी विद्यार्थ्यांवरचा २०२१ चा अभ्यास तर आणखी मजेशीर. अशा कोर्समुळे धंदा सुरू करणाऱ्यांची संख्या वाढली नाही. मात्र तिथल्या बिझनेस स्कूलमधून शिकून ज्यांनी धंदा सुरू केला, त्यांच्या कंपन्या कमी बुडाल्या आणि उलाढालही जास्त झाली.

म्हणजे नेमकं काय होतं, ते सुकापूरच्याच हिशेबात बघू. समजा, एका बीएमएस पोराने इथे डब्याचा धंदा करायचं ठरवलं. एकेकट्या राहणाऱ्या नोकरदारांची इथे काय कमी? आकडे माझे, सोयीसाठी धरलेले. गाळ्याचं भाडं १५ हजार, पोळी-भाजीला दोन मावश्या मिळून २४ हजार, लाइट आणि पोहोचवण्याचा खर्च ६ हजार. महिना उजाडायच्या आत ४५ हजार गेले. डबा ९० रुपयांना, त्यात शिधा-गॅस-पॅकिंगचे ५०. हातात राहिले ४०. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज ४४ डबे गेल्यावर कुठे खर्च-जमा बरोबर. स्वतःला ३० हजार घ्यायचे असतील तर रोज ७३ डबे हवेत.

आता गणपती येतात. अर्धं पनवेल कोकणात! ते २६ दिवस १८ वर आले, तर तेच ७३ डबे विकूनही भाऊच्या हातात साडेसात हजार. भाडं मात्र गणपतीला सुट्टीवर जात नाही. वर ज्याचा त्याचा डबा महिनाभर उधारीवर.

वर्गात शिकलेला मुलगा हे सगळं गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधी कागदावर करतो. न शिकलेला ते डिपॉझिट गेल्यावर शिकतो. फरक एवढाच, पण तो आईच्या मोडलेल्या बांगड्यांइतका किंवा बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशांइतका मोठा असू शकतो. इथल्या काही घरांत तर विकलेल्या जमिनीच्या पैशांइतका. ती जमीन पुन्हा येत नाही. म्हणून कागदावर हिशेब करून एखादी मुलगी ‘नको, सध्या नोकरीच बरी’ म्हणते, तेव्हा तिचा कोर्स फुकट गेला असं नातेवाईक म्हणतात, ते मला पटत नाही. सगळ्यात महागडी चूक तिने फक्त एका सेमिस्टरच्या फीमध्ये टाळलेली असते! शिवाय नोकरीत ही विद्या वाया जात नाही. नवीन शाखा उघडायची का, कुठल्या क्लायंटवर तोटा होतोय, हे पटकन ओळखणारा माणूस कुठल्याही बॉसला हवाच असतो.

वर्गापेक्षा जास्त कामाचं असतं ते कॉलेजचं पाठबळ, असं माझं मत. सुकापूरहून ठाण्याच्या दिशेने निघालं की महापे लागतं. तिथे आयडियाफोर्ज ही ड्रोन बनवणारी कंपनी आहे. आयआयटी मुंबईच्या पोरांनी २००७ मध्ये सुरू केलेली आणि तिथल्याच ‘साइन’ या इन्क्युबेटरमध्ये वाढलेली. ‘थ्री इडियट्स’मधलं ते उडणारं यंत्र त्यांचंच. सिनेमा २००९ चा, शेअर बाजारात कंपनी आली २०२३ मध्ये. मधल्या चौदा वर्षांवर सिनेमा कुणी काढला नाही. लॅब, मेंटॉर आणि ‘अजून वर्षभर जागा वापरा’ म्हणणारी संस्था पाठीशी असणं काय असतं, ते पवईत कळतं. पनवेलच्या पोराला तेवढं मिळत नाही. त्याच्याकडे मुद्रा कर्ज आहे, ज्याची ‘शिशु’ पायरी ५० हजारांपर्यंत जाते. डब्याच्या आपल्या हिशेबात तेवढ्यात एक महिना आणि तीनेक दिवस निघतात.

आणि तुमच्यासारख्यांचं काय, ज्यांच्या मानेवर याच सुकापूरच्या वन बीएचकेचा ईएमआय आहे? पंचविशीत राजीनामा दिला नाही म्हणून हळहळत असाल, तर एक आकडा ऐका. अमेरिकेतल्या सर्वात वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय निघालं ४५. वीस वर्षांचं होम लोन पंचविशीत घेतलं असेल तर हिशेब बरोबर जुळतो, बॉस!

जायचं असेल तर रविवारी नको, तेव्हा माथेरान रोडवर पिकनिकवाल्या गाड्या असतात. कामाच्या दिवशी संध्याकाळी सात ते नऊ या वेळात जा. ऑफिसातून परतणारी रिक्षा जिथे रिकामी होते तिथे उभं राहा, हातात चहाचा कटिंग घ्या आणि लोक घरी जाताना काय विकत घेतात ते मोजा. भाजी, दूध, अंडी, पाव, रिचार्ज, मुलाची वही. मग बंद शटरवरचा नंबर फिरवा, भाडं विचारा आणि उरलेला हिशेब परतीच्या गाडीत मांडा. पनवेलहून गाडी सुटते, त्यामुळे सीट हमखास मिळते.