कपिलेचा हिशेब

वसुबारसेच्या संध्याकाळी पुतणीने मला संगणकावर गाय दाखवली. गाय कसली! चार चौकोन आणि बाणांचे जंजाळ. रक्त, हाडे, आतडी, दूध; संपली गाय. "काका, शेपूट नाही म्हणून नाक मुरडू नका," ती म्हणाली. याच चौकोनांत आकडे बदलून ती कोंबडीही बसवते. एका अंड्याच्या कवचाला सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागते, आणि बिचारी ते बहुतेक रात्रीच घडवते!

गाईच्या रक्तरसात कॅल्शियम अवघे 3 ग्रॅम. चिकाच्या लिटरामागे जाते 2 ग्रॅमच्या आसपास. पाच लिटर चीक काढला की तिजोरी तीनदा रिकामी! हाडांनी वेळेवर भरणा केला तर ठीक. नाहीतर गाय बसते, मान कुशीकडे वळवते, कान गार पडतात. नाव मात्र दुग्धज्वर.

आमची कपिला अशीच बसली होती. आजीने दृष्ट काढली. शिरेतून कॅल्शियम देणारे डॉक्टर पोचले ते दुसऱ्या दिवशी, उशिरा.

"विण्याआधी महिनाभर चुनखडी जास्त चारली तर?" मी उगीचच विचारल्यासारखे विचारले.

तिने आकडा वाढवला. हाडांकडून येणारा बाण बारीक झाला. आयते मिळू लागले की हाडे आळसावतात, ऐन वेळी देत नाहीत. बोडा आणि कोल यांनी 1954 सालीच हे गाईंवर दाखवले होते, म्हणे.

कपिलेच्या आंबोणात रोज चोरून मूठभर चुनखडी कालवणारा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. तिला दूध जास्त यावे, एवढेच त्याच्या मनात होते.

"कुणाची गाय, काका?"

तेवढ्यात अंगणातून वहिनींनी निरांजन धरायला हाक मारली. मी उठलो.